पऱ्हाटीच्या काडीवरची चिंधी

किस्से गोळा करावे लागतात असं ज्याला वाटतं, त्यानं शाळेत नोकरी केलेली नसावी. चार मास्तर एका विहिरीवर पाणी भरायला लागले, की किस्से तेरड्यासारखे आपोआप उगवतात. एक उपटावा तर शेजारी दहा! रिसोडच्या शाळेतले माझ्याकडे इतके साठलेत, की बायको म्हणते, आता पेन्शनीत बसून दुसरं काही सांगूच नका.

आज फक्त बगीच्याचे सांगतो. जिथं हसू येईल तिथं हसा. काही ठिकाणी मला अजून हसता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

काळ लढाईच्या आधीचा. शाळेमागं एका ओळीत चार क्वार्टर्स होती. पहिल्यात पुण्याकडचे हेडमास्तर, दुसऱ्यात संस्कृतचे शास्त्रीबुवा, तिसऱ्यात आईला घेऊन राहणारे गणिताचे जोशी मास्तर आणि चौथ्यात मी, ड्रॉइंग मास्तर. दर फाल्गुनात इन्स्पेक्टरसाहेब यायचे, आणि त्यांना मुलांच्या पाढ्यांपेक्षा फुलांचं वेड जास्त! म्हणून हेडमास्तर पोस्टानं विलायती बियाणं मागवायचे. पाकिटावर लिहिलेलं असे, 'मिक्स'. म्हणजे कोणत्या दारात कोणता रंग येईल, हे देवालाच ठाऊक.

देवाला, आणि गोंदाजीला.

गोंदाजी शाळेचा माळी, चपराशी आणि घंटावाला, तिन्ही एकच. कार्तिकात पेरणी झाली, की तो प्रत्येक घरी चिंधी मागायला येई. घरातल्या कुणाच्या तरी अंगाला लागलेलं जुनं कापड हवं, बाजारचं कोरं चालत नसे. ती चिंधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीला बांधून तो त्या घराच्या वाफ्यात खोचायचा. मी एकदा विचारलं, हे कायले? तर म्हणाला, "मातीले घरची ओयख लागते, मास्तर. कोनाच्या दारात उगवून राह्यलो, हे बियाले समजलं पाह्यजे न जी!"

मी मनात म्हटलं, वा! आता बियांचीही हजेरी घ्या.

*

पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी आपल्या धोतराची चिंधी दिली. फाल्गुनात त्यांच्या दारातला वाफा फुलला तो असा पांढरा, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. लाल नाही, गुलाबी नाही, औषधालाही नाही. बाकीच्या तिन्ही घरांपुढं मात्र रंगच रंग! माझ्या वाफ्यात सुमतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आपल्या डाळिंबी लुगड्याचा तुकडा दिला होता. तिथं डाळिंबी फुलं. ती तीन महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली आणि हसून हसून बेजार.

इन्स्पेक्टरसाहेब हेडमास्तरांच्या वाफ्यापुढं थांबले. चष्मा पुसला. म्हणाले, "हेडमास्तर, बगीचा उत्तम आहे. पण किती वेळा धुतलात?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी लाल पागोटं फाडून गोंदाजीच्या हवाली केलं. पुढच्या हंगामाचं आगाऊ!

*

पुढच्या हंगामाला माझ्या घरात काय झालं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाळ अकरा महिन्यांचा असताना कार्तिकात गेला. दोन दिवसांचा ताप, बस. सुमतीनं त्याला न्हाऊ घातलं, रोजच्यासारखं वेखंड लावलं, कुंची घातली. मी त्याला नाल्याकाठी घेऊन गेलो. माती लोटली. जनावरांनी उकरू नये म्हणून वर बोरीच्या काट्या टाकल्या आणि घरी आलो.

आठव्या दिवशी सुमतीचा भाऊ शिरपूरहून दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन आला. तिनं ट्रंक भरली, कपाटात एक लुगडं ठेवलं नाही. अंगणाकडं बघून म्हणाली, "मले इथं निसती मातीच दिसते. हिच्यातून काही घरचं वर आलेलं दिसन, त्या दिवशी येईन मी."

तेव्हापासून मला बगीच्याचं वेड लागलं. इन्स्पेक्टर गेला उडत! माझं घर त्या दीड हात वाफ्यावर टांगलेलं होतं.

*

जोशी मास्तरांचा चिंध्यांवर विश्वास नव्हता. गणिताचे ना! ते म्हणाले, पुरावा द्या. त्यांच्या आईच्या जांभळ्या लुगड्याची चिंधी त्यांच्या वाफ्यात होती, आणि शास्त्रीबुवांच्या पितांबराची पिवळी शेजारच्या वाफ्यात. भर दुपारी सगळे घोरत असताना जोश्यांनी दोन्ही काड्या उपटल्या आणि अदलाबदल करून खोचल्या. फक्त मला सांगितलं, साक्षीदार म्हणून.

"आता एक तर जोशी हरतील, नाहीतर गोंदाजी," ते म्हणाले.

माघात कळ्या धरल्या. जोश्यांच्या वाफ्यात चिंधी पिवळी, फुलं जांभळी. शास्त्रीबुवांच्या वाफ्यात चिंधी जांभळी, फुलं पिवळी.

जोशी खूश! टाळी वाजवून ओरडले, "बघा, चिंधीचा आणि फुलाचा काडीचा संबंध नाही!" मग त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचलं असावं, कारण हात तसेच राहिले. चिंधीचा संबंध नाही, तर प्रत्येक घराला आपला रंग मिळाला कसा?

गोंदाजी झारीनं पाणी घालत होता. मान वर न करता म्हणाला, "चिंधी हालवली म्हनून घर हालते का जी?"

जोशी मास्तर आठ दिवस त्या बाजूनं विहिरीवर गेले नाहीत.

*

त्याच हंगामात माझ्या वाफ्यात काय होतं म्हणता? घरात बायकोचं कापड नाही, म्हणून मी जुन्या सदऱ्याची बाही दिली. तिलाच मी वर्षभर कुंचले पुसले होते. फुलं आली ती अंगावर डाग पडल्यासारखी. एका पाकळीवर गेरू, दुसरीवर निळा, तिसरीवर दोन्ही कालवलेले.

इन्स्पेक्टरसाहेबांनी एक फूल उलटंपालटं केलं आणि मला विचारलं, "मास्तर, हे कोणत्या इयत्तेतल्या मुलानं काढलं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण संध्याकाळी त्यातलं सर्वांत बरं फूल वहीत दाबून मी शिरपूरला पाठवलं. भावाच्या अक्षरात सुमतीचं उत्तर आलं. दोनच ओळी. "रंग चांगले हायेत. पण याच्यात तुमीच एकले आहा."

ते पत्र मी किती वेळा वाचलं, सांगत नाही. खोटं काय होतं त्यात?

*

तिसऱ्या वर्षीचा किस्सा शास्त्रीबुवांचा. त्यांची थोरली लेक कामरगावला दिलेली. कामरगाव माझंही गाव, त्यामुळं तिचं सासर कसं आहे ते मला ऐकून ठाऊक होतं. शास्त्रीबुवांना सांगायची छाती झाली नाही. पितांबर फाटून संपलं होतं, म्हणून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लेकीच्या लहानपणच्या परकराची चिंधी दिली.

माघात गुलाबी फुलं आली. त्यात नवल नाही. नवल असं, की संध्याकाळी सूर्य मावळतीला आणि ही सगळी फुलं त्याच्याकडं पाठ करून उभी! तोंडं वाशीमच्या रस्त्याकडं. कामरगावची गाडी त्याच रस्त्यानं येते. एक देठ मी हातानं वळवून सूर्याकडं केला. सकाळी बघतो तर तो परत रस्त्याकडं.

"वारा," शास्त्रीबुवा म्हणाले. वारा तर पानही हलवत नव्हता.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला रस्त्यावर धूळ उठली. बैलगाडीतून लेक उतरली, एकटी. हातात बोचकं, कपाळावर खोक. पत्र नाही, निरोप नाही. शास्त्रीबुवा धावले, पण काकू जागच्या हलल्या नाहीत. चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "हातपाय धू बाई. चार दिवस झाले, तुझा भात वाढीव टाकते आहे."

सकाळी फुलांची तोंडं घराकडं होती.

*

आता माझा.

त्याच वर्षी कार्तिकात गोंदाजी चिंधी मागायला आला, तेव्हा मी दारातच सांगितलं, "यंदा नाही देत. माझ्या एकट्याचंच उगवणार असेल, तर नाहीच उगवलं तरी चालते."

त्यानं मुठीतलं बियाणं घोळवलं. "बियानं तं वाया घालवता येत नाई, मास्तर. निसतं मातीत टाकतो मंग." आणि चिंधीविना पेरून गेला.

काकूंच्या लेकीची गडबड सरली, तेव्हा माझं लक्ष माझ्या वाफ्याकडं गेलं. कोपऱ्यात काडी होती. तिला चिंधी होती. म्हटलं, म्हाताऱ्याला राहवलं नाही, कुठलंतरी फडकं बांधून गेला. जवळ जाऊन पाहायचेही कष्ट घेतले नाहीत.

फाल्गुन लागला आणि वाफा फुलला. फुलं मोरपंखी! मोरपंखी, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला दोऱ्याएवढी पिवळी रेघ. हेडमास्तरांनी पाकीट आणून चित्रं पाहिली, तसलं एकही नव्हतं. इन्स्पेक्टरसाहेब त्या दिवशी विनोद न करता निघून गेले. मी रंगपेटी घेऊन बसलो. दोन दिवस निळ्यात हिरवा, हिरव्यात निळा कालवला. तो रंग उतरेना. शेवटी जमलं तसं एक चित्र काढून शिरपूरला पाठवलं आणि खाली लिहिलं, "रंग जमला नाही. तू येऊन पाह्य."

उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी दमणीच आली.

सुमती उतरली, तिची ट्रंक गाडीतच. भाऊ बैल न सोडता जुवाजवळ उभा राहिला, म्हणजे परत जायचं ठरलेलं होतं. दीड वर्षात ती निम्मी झाली होती. ती सरळ वाफ्यापाशी गेली. माझ्या चित्राचा कागद तिच्या मुठीत होता. फुलांपुढं ती खाली बसली. एका पाकळीच्या पिवळ्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या चिंधीवर गेली.

"हे कापड तुमाले कुठं भेटलं?"

"गोंदाजीनं बांधलं असंन."

"गोंदाजीनं?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "हे कापड कारंज्याच्या बाजारातलं हाय. ही पिवळी पट्टी मी लावली, हातानं. ही कुंची हाय त्याची."

मी ड्रॉइंग मास्तर! जगाचे रंग पारखणारा. आणि माझ्या लेकराला ज्या कुंचीत घेऊन मी नाल्यापर्यंत चालत गेलो, तिचा रंग मला आठवत नव्हता. एवढंच आठवत होतं, की ती मी उघडली नव्हती. जशीच्या तशी खाली ठेवली होती, आणि माती लोटली होती, याच हातांनी.

मी गोंदाजीला हाक मारली. तो आला. वाफ्याकडं बघितलं आणि पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

"गोंदाजी, ही चिंधी कुठून आणली?"

"मी नाई बांधली जी."

"मंग कोनं बांधली?"

"तुमी देल्लीच नाई, तं मी काय बांधू?" तो वाकला, पण काडीला हात लावला नाही. "अन् हे पाहा, मास्तर. ही काडी पऱ्हाटीची नाई. बोरीची हाये. काटे हायेत हिले. बगीच्यात बोरीची काडी कोन लावते जी?"

जोशी मास्तर आपल्या दारात उभे होते, ते आत गेले आणि कडी लावल्याचा आवाज आला.

सुमतीनं काट्यांची पर्वा न करता गाठ सोडली. चिंधी तळहातावर पसरली, तिच्या घड्या निरखल्या, आणि नाकापाशी नेली.

"अहो," ती म्हणाली, "अजून वेखंडाचा वास येऊन राह्यला."

मग माझ्याकडं न बघता तिनं भावाला हाक मारली.

"दादा, बैल सोड. अन् ट्रंक आत ने."