साठ डिग्रीची लाळ

माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून सांगते.

आमच्या इस्पितळाच्या तपासणी खोलीत, सगळे जिला ताई म्हणतात ती, सव्वीस वर्षं आहे आणि तिच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा. इतक्या वर्षांत कुणाशी वर्दळीवर येताना मी तिला पाहिलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी यंदा प्रकाशाचं मशीन आणलं. लाळेचा थेंब काचेवर वाळवायचा, त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा. थेंबातला प्रत्येक पदार्थ त्यातला आपापला वाटा शोषतो आणि पडद्यावर एक रेघ उमटते. साथीचा विषाणू असेल तर रेघ वेगळी. लागण असली की लाल, नसली की हिरवं, दोन मिनिटांत मोकळे. मशीनला हे शिकवायला तीनशे नमुने लागणार होते. डॉक्टर म्हणाले, "लागण झालेले नमुने आधी तासभर साठ डिग्रीवर ठेवा, म्हणजे आपल्याला धोका नको. बाकीचे तसेच द्या, वेळ वाचेल."

"सगळेच तापवू या ना, साहेब," ताई म्हणाली. "नाहीतर मशीन भलतंच शिकून बसायचं."

"तुम्ही लाळ गोळा करा. विज्ञान मी बघतो."

बघितलं हो, फार बघितलं. शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली, फोटो निघाले आणि मशीन तापाच्या वॉर्डाच्या दारात जाऊन बसलं. तिथे येईल त्याचा ताजा थेंब थेट आत. नऊ दिवसांत एकदाही लाल आलं नाही. डॉक्टर म्हणाले, साथ ओसरली.

नवव्या दिवशी ताईचा धाकटा भाऊ आला. रुग्णवाहिका चालवतो. अंगात ताप, चार पावलं टाकली तरी धाप. मशीन हिरवं. त्याला घरी जायला सांगितलं, आणि घरी त्याची बायको, दिवस भरलेली.

ताईनं त्याला बाकावर बसवलं. स्वतःच्या लाळेचे दोन नमुने घेतले, एक तासभर तापवला, एक तसाच ठेवला, आणि डॉक्टरांना बोलावून दोन्ही मशीनखाली सरकवले. तापवलेला लाल, दुसरा हिरवा.

"योगायोग," डॉक्टर म्हणाले.

ताईनं कोरी नळी त्यांच्यापुढे धरली. "मग तुम्हीही थुंका, साहेब."

तासभर तापवल्यावर तेही लाल. मशीन विषाणू ओळखतच नव्हतं, आम्ही काय तापवलं ते ओळखत होतं.

भावाला ठेवून घेतलं. जुन्या पद्धतीच्या तपासणीत संध्याकाळी त्याला लागण निघाली. डॉक्टरांना तेवढ्यात कुठलीशी बैठक आठवली आणि ते गेले. हिरवं बघून घरी पाठवलेल्यांची यादी टेबलावर तशीच, एकशे बारा माणसं. ताई फोन लावत बसली. चौथ्या नंबरावर एक बाई म्हणाली, "तुमच्या मशीननं तर काही नाही म्हणून सांगितलं होतं. आता घरात तिघं आडवी आहेत."

"हो," ताई म्हणाली, "चुकलं आमचं."

आमचं म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि त्या बाईला मोठ्या डॉक्टरांच्या घरचा नंबर दिला. मग राहिलेल्या सगळ्यांनाही तोच दिला.