वैशाखऱ्याला, हौसाबाईच्या घरी

नगरहून कल्याणला जाणारी एसटी माळशेजच्या घाटाला लागली आणि पुढचा रस्ता दिसेनासा झाला. भाद्रपदातलं धुकं खिडक्यांतून आत येत होतं. धबधबे बघायला निघालेली मंडळी हसत-खिदळत घाटात उतरली, गाडी निम्मी रिकामी झाली. मी चालले होते दुखवट्याला.

हौसाबाईची ओळख कल्याणच्या एका दवाखान्यातली. भावाकडे आलेली माझी आई तिथं होती आणि शेजारच्या खाटेवर हौसाबाईची मुलगी सुमन, काविळीनं पिवळी पडलेली. मी आईच्या उशाशी बसून प्रार्थना करायचे. एकदा हौसाबाई म्हणाली, "माज्या पोरीचा पन सांग ना तुज्या देवाला." मी सुमनच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. येशू दुखणाईतांना कसा बरं करायचा, तेही मायलेकींना सांगितलं. सुमन बरी झाली. घरी जाताना हौसाबाईनं माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

त्यानंतर सुमनचं लग्न झालं. आणि आता, माझ्या भावाबरोबर कारखान्यात काम करणाऱ्या वैशाखऱ्याच्या एका माणसाकडून कळलं, की सुमन सासरी तापानं गेली. नदीला पाणी चढलं होतं, मुरबाडच्या दवाखान्यात नेता आलं नाही.

घाट उतरल्यावर वैशाखऱ्याच्या फाट्याला मी उतरले. चहाच्या टपरीवर वाट विचारली.

"कोनाकडं जायाचाय?" टपरीवाल्यानं विचारलं.

"हौसाबाईंकडे."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "पोरगी गेली त्यांची. बांधाबांधानं जावा, बाई. सांभाळून. निसरडा हाय."

दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, वर डोंगर ढगात बुडालेला. सांभाळूनही मी घसरलेच. चपलेचा अंगठा तुटला, गुडघ्यापर्यंत चिखल झाला. हौसाबाईला काय सांगायचं, याची मी नगरपासून जुळवाजुळव करत आले होते. पुनरुत्थानाची वचनं मनात काढून ठेवली होती. चिखलात बसल्या बसल्या ती सगळी मला दूरची वाटायला लागली.

अंगणात हौसाबाईचे दीर काशिनाथ इरलं (पावसात डोक्यावरून घ्यायचं बांबू-पानांचं आच्छादन) बांधत बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी उठून पायांवर ओतायला पाण्याचा तांब्या दिला आणि खाली बघत म्हणाले, "ताई, राग मानू नका. इथं प्रार्थना-बिर्थना नको. मागं तुमी केली, वहिनी लय आशेवर रायली."

"नाही करणार," मी म्हणाले.

आत चुलीपाशी हौसाबाई बसली होती. बारावं होऊन गेलं होतं. मला बघून ती रडली नाही.

"तुला म्हायती हाय," ती म्हणाली, "मी रोज त्याचा नाव घ्यायची. तू शिकवलास तसा. ताप चढला तवा पन घेतला. त्यानं ऐकला नाय गो."

"मला कळत नाही हौसाबाई," एवढंच म्हणाले आणि तिच्याजवळ भिंतीला टेकून बसले.

दुपारी तिच्या जावेनं तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं वाढलं. हौसाबाई जेवत नव्हती. मी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला, तो तिनं तसाच धरून ठेवला. मग हळूहळू सुमनबद्दल बोलू लागली. लहानपणी ती करवंदं खाऊन ओठ चिकट करून यायची, स्वतःच्या लग्नात मांडवातच झोपली होती. मी ऐकत राहिले. बोलता बोलता तो तुकडा तिनं खाल्ला.

निघायची वेळ झाली. दुखवट्याच्या घरातून 'येते' म्हणून निघत नाहीत, म्हणून मी काही न बोलता उठले, पिशवी घेतली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

"शांता," मागून हौसाबाई म्हणाली. "येते म्हन."

मी काशिनाथांकडे बघितलं. ते इरलं उचलून उभे राहिले.

"येते," मी म्हणाले.

"त्याला माज्यासाठी काय मागू नको. पन तू येत जा."

काशिनाथ मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. चिखलात हात धरून पुढं चालत राहिले. एसटी दिसल्यावर म्हणाले, "आज जेवली ती," आणि परत फिरले.

रविवारी नगरला उपासनेनंतर बायकांनी विचारलं, "वैशाखऱ्याला गेली होतीस ना? साक्ष दिलीस का?" आमच्यात आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्याला साक्ष म्हणतात. मी म्हणाले, जेवून आले तिच्याकडे. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. मलाही वाटत नव्हतं. त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. हौसाबाईनं देवाचा विषय काढला नाही, मीही नाही. रोज गुडघे टेकते तेव्हा तिचं नाव ओठांवर येतं. मागू नको म्हणाली होती. मी नाव घेते आणि तिथंच थांबते.