मास्तरांना दाढी नव्हती

गेल्या महिन्यात पुण्यात एक सिनेमा पाहिला आणि तीन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सिनेमा आमच्या गेनबा मास्तरांवर होता. चाकणच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेला, तंबाखू मळता मळता भल्याभल्यांना निरुत्तर करणारा हा माणूस. 'हे तुला कुणी सांगितलं, आणि तू का मानलंस?' एवढाच त्यांचा प्रश्न, आणि त्या एका प्रश्नावर त्यांनी एक पातळसं पुस्तक लिहिलं. तेच पुस्तक मी कॉलेजात तत्त्वज्ञान म्हणून शिकवतो. सिनेमात मात्र त्यांना छातीपर्यंत दाढी, अंगात भगवी कफनी, आणि तोंडी शब्द काय, तर 'विचार सोडा, शरण या!' गावात पाणाड्या विहिरीची जागा दाखवायला आला, तेव्हा मास्तरांनी त्याला 'कशावरून?' म्हणून विचारलं होतं आणि आधी शेजारच्या चार विहिरी बघायला लावल्या होत्या. पडद्यावर त्यांनी जमिनीवर काठी आपटली आणि कारंजं उडालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यातच मास्तरांच्या नातीचं, कुसुमचं, पत्र आलं. 'सदाकाका, पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातून मला कामावर बोलावलंय. पण दादा म्हणतात, गुरुवारी आबांच्या फोटोला कौल लावू. आबा सांगतील तसं करायचं. तुम्ही याच.' मास्तरांना कौल! मी रजेचा अर्ज खरडला आणि बुधवारी सकाळी निघालो.

तुम्हाला चाकणला जायचं असेल तर पुण्याहून थेट एसटी घ्या. पिंपरीवरून वाकडी वाट मी मुद्दाम केली, कारण पोरीला नोकरी कसली मिळते आहे ते आधी बघायचं होतं. पॅसेंजरच्या तिसऱ्या वर्गात खिडकीपाशी बसू नका, उडणाऱ्या धुळीची कणी डोळ्यात जाते. माझ्या गेली. डोळा चोळत असताना समोरच्या बाकावरचे दोघे कामगार बोलत होते.

"काय शिनेमा हाय राव! काठी मारली की पाणी!"

"आन एवढा मोठा महात्मा आपल्या इकडंच झाला म्हणं."

"अहो, ते महात्मा नव्हते, शाळामास्तर होते," मी म्हणालो. "आणि त्यांना दाढी नव्हती."

"हे तुमाला कुनी सांगितलं?" पहिला म्हणाला, आणि दोघांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मास्तरांचाच प्रश्न, पण भलत्या माणसाला! मी पिंपरीपर्यंत धुमसत राहिलो.

पिंपरी स्टेशनाबाहेर निर्वासितांच्या बराकी आहेत. बाजांवर पापड वाळत घातलेले असतात. तिथल्या एका सिंधी दुकानदाराकडचं दाल-पकवान जरूर खा. चार आण्यांत पोट भरतं आणि वर चहा मिळतो. माझा घास मात्र निम्म्यावरच अडला, कारण भिंतीवर सिनेमाचं कॅलेंडर होतं. दाढीवाले मास्तर, डोक्यामागे तेजाचं वलय, आणि खाली उदबत्ती.

"कोई बड़े महात्मा हैं साईं," दुकानदार म्हणाला. "पानी निकालते हैं."

आता काय बोलणार कपाळ!

कारखान्याच्या फाटकावर भेटलेला कारकून भला निघाला. मुलींना बाटल्या भरण्याच्या खात्यात काम, तेही फक्त दिवसपाळीचं, असं त्याने सांगितलं. डोक्याला पांढरी फडकी बांधलेल्या दोन मुली आत जाताना दिसल्या. चांगल्या ताठ चालत होत्या. राहायला चिंचवडला कुसुमची मावशी आहेच, म्हणजे अडचण उरली ती फक्त फोटोची.

पिंपरीहून भोसरीला टांगा केला. रस्ता खड्ड्यांचा, दोन्ही बाजूंना उभी ज्वारी. भोसरीला तासभर वाट पाहिल्यावर एसटी आली. मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की हवा बदलते, थंडी जाणवते, तेव्हा स्वेटर असू द्या. चाकणला कांद्याच्या गाड्यांची एवढी गर्दी, की स्टँडपासून दगडूच्या घरापर्यंत पोचायला एसटीच्या निम्मा वेळ लागला.

दगडू हा मास्तरांचा मुलगा, कुसुमचा बाप आणि माझा वर्गमित्र. आता शेती बघतो. ओसरीवर मास्तरांचा खरा फोटो होता. कोट, टोपी, गुळगुळीत हनुवटी. पण समोर नारळांचा ढीग आणि काचेवर कुंकवाचे ओघळ. सिनेमा आल्यापासून आसपासच्या गावांची माणसं कौलाला येतात. फोटोच्या काचेवर उजवीकडे एक, डावीकडे एक अशा झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"दगडू, मास्तरांना कधी दाढी होती का रे?" मी जेवताना विषय काढला.

"न्हवती. पर लोकांना दाढीच दिसती, त्याला मी काय करू?"

"त्यांनी जन्मभर काय सांगितलं, विसरलास? आपला निर्णय दुसऱ्यावर ढकलू नका म्हणून घसा कोरडा केला त्यांनी! आणि तू त्यांच्याच काचेवर पाकळ्या चिकटवतोस?"

दगडूने भाकरी ताटात ठेवली. "सदा, तू पुण्यात ऱ्हातोस. आमच्या घरातली एक बी पोरगी आजवर कारखान्यात गेली न्हाई. उद्या काय इपरीत झालं तर गाव मला इचारंल. आबांनी सांगितलं म्हटलं की समद्यांची तोंडं बंद."

कुसुम चुलीपाशी पिठलं ढवळत सगळं ऐकत होती.

गुरुवारी सकाळी भावकी जमली. दगडूने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी कोपऱ्यात तोंड वाकडं करून उभा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डावी पाकळी किंचित घसरली. मग उजवी सुटली आणि टपकन खाली पडली.

"आबा पावलं! जाऊ दे पोरीला!" एकच गलका झाला. माझा जीव भांड्यात पडला. लग्नाचं वय झालं, नोकरी कसली, म्हणणारी चुलतीसुद्धा कुसुमच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

कुसुम म्हणाली, "दादा, मी जाणार. पर पाकळी पडली म्हणून न्हाई."

चुलतीचा हात पाठीवरच थांबला.

"आज उजवी पडली. उद्या कुणी परत कौल लावंल, डावी पडंल, आन मला माघारी बोलवाल. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. जा म्हणा, न्हाईतर जाऊ नको म्हणा."

"आबांनी हो म्हटलं, तरी तुजं भागंना?" दगडू लाल झाला, पायताण घालून तडक शेताकडे निघून गेला. माणसं पुटपुटत पांगली.

मी तिच्यावरच चिडलो. "अगं, होकार मिळाला होता ना? गप्प बसायचं की!"

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, पाकळी पडली तवा तुमी बी हात जोडलेत."

जोडले होते. मला कळलंही नव्हतं.

दुपारी एसटी स्टँडवर दगडू आला. कांद्याच्या गाड्यांकडे बघत म्हणाला, "जा म्हनलो तिला. माझ्या तोंडानं. आता काय झालं तर नाव माझंच." मी त्याचा हात धरला. मास्तरांचं पुस्तक त्याने उघडून तरी पाहिलंय का, मला शंका आहे.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. त्या सिनेमावर मी एक सणसणीत लेख लिहायला घेतला होता. दुसऱ्या पानावर अडलो तो अडलोच. कारण काल कुसुमचं कार्ड आलं. कामावर रुजू झाली, मावशीकडे राहते, काचेच्या बाटल्यांनी बोटं गार पडतात, बाकी बरं आहे. आणि खाली एक ओळ: 'काका, त्या दिवशी डावी पाकळी पडली असती, तर तुम्ही दादांना काय सांगितलं असतं?'

आज सकाळपासून कोरं कार्ड पुढ्यात आहे. खोटं लिहायचं तर सोपं आहे. खरं लिहायचं तर लाज वाटते. मी म्हणालो असतो, दगडू, पाकळी नीट चिकटली नव्हती रे, पुन्हा एकदा लावून बघ.