साडूंचा काटा

काट्यावर माझ्या साडूंइतका विश्वास ठेवणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. जुन्या रेडिओच्या खोक्यात त्यांनी एक काटा बसवला होता आणि त्यातून दोन वायरींना दोन दाभणं लोंबत. दाभणं झाडात खुपसली की काटा हले, आणि त्यावरून साडू झाडाची तब्येत सांगत. "माणूस खोटं बोलंल, काटा न्हाई!" आमची तुळस तर त्यांनी टोचून टोचून अर्धमेली केली. एका लग्नात मांडवातल्या केळीच्या खुंटाला दाभणं लावून ते मोठ्यानं म्हणाले, "ह्यो काय वाचत न्हाई." वरमाय दचकून नवऱ्या मुलाकडंच बघायला लागली.

तरीही लोक त्यांना बोलवत. आमच्या दोघांच्या बायकांच्या विधवा काकूची पोखर्णीकडं मोसंबीची बाग होती. बहार धरायला दरवर्षीप्रमाणं पाणी तोडून झाडांना ताण दिला, आणि नेमकी विहिरीवरची मोटार जळाली. ताण लांबला, पानं झडून नुसत्या काड्या राहिल्या. तिच्या दिराला तिथं कापूस लावायचा होता. जावईबापूंचा काटा झाडं मेली म्हणाला तर बाग तोडायची, असं ठरलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटून एसटी बंद होती, म्हणून साडू मला कॅरिअरवर बसवून सायकलनं निघाले.

बांधावर दीर कुऱ्हाड घेऊनच उभा होता. काकू झाडाच्या बुंध्याला हात लावून उभी. नवऱ्यानं लावलेली बाग, तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. साडूंनी दाभणं खुपसली. काटा ढिम्म. दुसरं झाड, तिसरं झाड, तेच. सवयीनं ते बोलून गेले, "गेलं."

दिरानं कुऱ्हाड उचलली. काकूनं हात काढला नाही.

"थांबा मामा!" साडू दिराला ओरडून म्हणाले. "काकू, पाणी कवा सोडलं?"

"सोडलंच न्हाई, जावईबापू. मोटार अजून दुकानात वायंडिंग बांधायला टाकल्याली हाय."

साडूंचा चेहरा उतरला. "मग ह्यो काटा तहान सांगायलाय, मरण न्हाई."

"आत्ताच तर तुमी गेलं म्हणला," दीर कडाडला.

"चुकलो. आधी इचारायला पाहिजे होतं. माझा काटा खोटा हाय म्हणा गावभर, पण पाणी देऊन बघितल्याबिगर कुऱ्हाड लावायची न्हाई."

चारचौघांत, सासुरवाडीच्या माणसांपुढं हे बोलायला किती जड गेलं असेल, ते मीच जाणतो. साडू बागेतच बाज टाकून राहिले. शेजारच्या विहिरीचं पाणी मागून आळी भरली. दीर रोज येऊन कुऱ्हाडीला धार लावत बसे आणि साडू त्याला रोज चहा पाजत. शेवटी एका सकाळी काकूची हाक ऐकू आली. काडीच्या पेरावर कोवळी फूट होती. दहा-बारा झाडं गेली, बाकीची बाग उभी राहिली.

गावानं मात्र साडूंचा शब्द खरा धरला; काटा खोटा, हे पंचक्रोशीत झालं. पुढं काकूकडची मोसंबी सोलत बसलो असताना मी विचारलं, "यंत्र बंद केलं का हो?"

"न्हाई तर. आता आधी इचारतो, मग टोचतो." फोड तोंडात टाकून ते हसले. "पण बोलावतंय कोण?"

मला काही हसू आलं नाही.