डावऱ्याचा गुडघा

डावऱ्याला कितीही दुखत असलं तरी तो कधी 'दुखतंय' म्हणाला नाही. गुडघा दाबून मी विचारायची, "कसं वाटतंय?" उत्तर ठरलेलं : "झकास!" पण कळ असह्य झाली की तो एकदम माझ्या आईची चौकशी करायचा. "काकू बऱ्या आहेत ना?" असं त्यानं विचारलं, की मी हात काढून घ्यायची.

मुलुंडच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते, तेव्हा तो आला. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबकडून खेळायचा, आणि डाव्या पायानं असा फटका मारायचा की त्याचं खरं नाव क्लबातसुद्धा कुणी घेत नसे. आम्ही एकाच वयाचे, त्यामुळे आठवड्याभरात अरे-तुरेवर आलो. मला मात्र तो 'डॉक्टर'च म्हणायचा.

पहिल्यांदा आला तो घोटा मोडून. ज्याच्या धडकेनं मोडला, तो खेळाडू मोसंब्यांची पिशवी घेऊन भेटायला आला. चेहरा पार उतरलेला. डावराच त्याची समजूत काढत बसला. "अरे, तू बॉलवरच आला होतास यार. मीच पाय उशिरा काढला."

तो गेल्यावर मी म्हटलं, "खोटं कशाला बोललास?"

"त्याला रविवारी खेळायचंय गं. मनात भीती घेऊन उतरला, तर त्याचाच पाय जाईल."

पुढे डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. नऊ महिने थांबायचं होतं, पण सातव्याच महिन्यात क्लबचा निरोप आला. संघ अडचणीत होता. डावरा रोज माझ्यामागे लागायचा. पायात अजून पुरती ताकद आलेली नाही, हे मला दिसत होतं. तरी एक दिवस मी तंदुरुस्तीच्या कागदावर सही केली.

तो मैदानात उतरला आणि अकराव्या मिनिटाला, कुणीही न धडकता, नुसता वळताना तोच गुडघा पुन्हा गेला. मी टीव्हीवर बघत होते. त्यानंतर तो वर्षभर माझ्याकडे व्यायामाला यायचा, पण त्या सहीबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्यानं एकदा ओरडावं, असं मला फार वाटायचं.

पुढच्या सीझनला तो थोडाथोडा खेळला. एकोणतिसाव्या वर्षी दुसऱ्या एका क्लबचा करार चालून आला. कागद घेऊन तो दवाखान्यात आला, बरोबर आई. मालवणकडची ती बाई. मुलाची मॅच तिनं कधी बघितली नव्हती. मॅच सुरू झाली की ती स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसायची.

"खरं सांग, डॉक्टर," डावरा म्हणाला.

या वेळी मी सांगितलं. "खेळशीलही. पण आणखी एकदा गुडघा गेला, तर चाळिशीत जिना चढता येणार नाही. मी सही करणार नाही."

त्यानं मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता!

"सुटलो गं! गेलं वर्षभर प्रत्येक वळणाला माझी फाटत होती. कुणीतरी नाही म्हणावं, याचीच वाट बघत होतो."

आईनं माझे दोन्ही हात धरले. "देव पावलो गो बाये! माज्या झिलाचो पाय वाचलो."

दोन महिन्यांनी त्याला कोल्हापूरच्या एका शाळेत फुटबॉल शिकवायची नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला, तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं. "तेव्हा मी सही करायला नको होती रे."

तो बघतच राहिला. "दोन वर्षं हे धरून बसलीयेस? अगं, तू नाही म्हणाली असतीस, तर अंधेरीच्या एका फिजिओकडून मी दुसऱ्या दिवशी सही घेणार होतो. बोलून ठेवलं होतं त्याच्याशी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली ना! तुझ्या पाठीमागे ठरवलं होतं सगळं."

तो गेला. पुढच्या पेशंटला पाच मिनिटं थांबायला सांगून मी खिडकीत उभी राहिले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. खाली एक रिकामी रिक्षा पुढे निघाली होती. डावरा हात करत तिच्यामागे चक्क धावत सुटला. पाऊल टाकताना त्यानं एकदाही खाली बघितलं नाही.