पोपटरावांची छापील मराठी

पोपटराव आपलं नाव सांगत नसत, दाखवत. विश्रामबागेतल्या माझ्या केंद्रात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी रीतीप्रमाणे "नाव काय तुमचं?" असं विचारलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून आधार कार्ड काढलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि हुकमाचं पान टाकल्यासारखे खुर्चीत मागे टेकून बसले. बँकेत, दवाखान्यात, सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा ते असंच करत. पुढे ओळख वाढल्यावर मी त्याबद्दल छेडलं, तर म्हणाले, "प-प-प करत बसण्यापरास ह्यं बरं, म्याडम. गवर्मेंटनं छापून दिलंय. छ-छापलेल्याला कोण हसत न्हाई."

मी स्पीच थेरपिस्ट. मूळची साताऱ्याची, लग्नानंतर सांगलीची. बोलताना अडखळणाऱ्या लोकांवर उपचार करणं हे माझं रोजचं काम. अशा माणसाला स्वतःच्या नावाइतका अवघड शब्द दुसरा नसतो, कारण तो टाळता येत नाही आणि त्याला पर्यायही नसतो. त्यातून आईबापांनी नाव ठेवलं होतं पोपट. शाळेत त्यांचं काय झालं असेल ते मी सांगायला नको.

कवठे महांकाळच्या बाजूला त्यांच्या गावी मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येत आणि ते तांब्याची तार नव्याने गुंडाळून त्या पुन्हा चालत्या करून देत. बोटांना वार्निशचा वास कायम असे. पस्तिशीचा, उंचनिंच, हसरा माणूस. स्वतःची टिंगल करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बरा दिवस नसला की दारातूनच सांगत, "आज एक फेज न्हाई, म्याडम." फोन मात्र ते घेत नसत, म्हणजे घेत पण बोलत नसत. एकदा खोकले तर मोटर झाली आहे, दोनदा खोकले तर उद्या या. गिऱ्हाइकांना हे तोंडपाठ होतं आणि गावात कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

ते आले होते आईसाठी. तिला काचबिंदू झाला होता आणि दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. मायलेकरांचं तोवर सगळं खुणांवर चाललेलं. याने ताटावर बोट आपटलं की तिने भाकरी वाढायची, तिने कपाळाला हात लावला की याने गोळी आणायची. आता तिला खुणा दिसत नव्हत्या. संध्याकाळी हा घरात शिरे, ती विचारे, "कोण हाय?" आणि याचं उत्तर गळ्यात अडकून बसे. एकदा तर तिने चोर समजून तांब्या फेकून मारला. कपाळावरची खूण दाखवत पोपटराव हसत होते, पण मग हसणं आवरून त्यांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला. बायको सुरेखा मध्येच बोलायला गेली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. "मला भ-भाषण न्हाई ठोकायचं. आत शिरल्या शिरल्या तिला क-कळावं, मी आलोय. एवढंच."

एवढंच हवं होतं त्यांना.

उपचार सुरू झाले. बोलण्याव्यतिरिक्तही त्यांच्या काही तक्रारी होत्या आणि त्या त्यांनी माझ्यापासून लपवल्या नव्हत्या. अनोळखी माणूस दुकानात आला की छातीत धडधडायचं, तळहात भिजायचे. लग्नाला गेले तर मांडवाच्या मागच्या बाजूने अक्षता टाकून, न जेवता परत यायचे. दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलावं लागणार असलं की आदल्या रात्री झोप नाही. ही नुसती लाज नव्हती, तो वेगळा आजार होता. अडखळण्यासोबत तो पुष्कळदा असतो, दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात आणि दोन्हींवर एकत्र उपचार करावे लागतात, हे मी शिकले होते आणि इतरांना शिकवतही होते. माझ्या ओळखीचे मानसोपचारतज्ज्ञ दोन गल्ल्या पलीकडे बसत. पण एकदा मी नुसता विषय काढला, तर सुरेखाचा चेहरा उतरला. "येड्यांचा डॉक्टर? गावात कळलं तर?" मला वाटलं, आता हे लोक यायचे बंद होतील. मी म्हणाले, "राहू दे. बोलणं सुधारलं की भीती आपोआप जाईल." हे वाक्य मी त्यांच्यापेक्षा माझ्या सोयीसाठी उच्चारलं होतं.

मग एके दिवशी मला किल्ली सापडली, असं मला वाटलं. मी त्यांना वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचायला दिली आणि पोपटराव न अडखळता वाचत गेले. हळू, खालच्या पट्टीत, एकेक शब्द स्वच्छ. नेहमीच्या बोलण्यापेक्षा निराळ्या भाषेत, निराळ्या सुरात बोलताना जीभ कधीकधी मोकळी होते. मी ते धरून ठेवलं. वाचता येतं तसंच बोला, मी म्हणाले. "हाय" नाही, "आहे". "न्हाई" नाही, "नाही". "आये" नाही, "आई". ते घरी जाऊन आरशासमोर सराव करत आणि दर खेपेला सुधारून येत. लोक ज्याला पोपटपंची म्हणतात ती मी एका पोपटरावाला शिकवत होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दुकानात बहार झाली. "सदर मोटर उद्या सायंकाळी तयार होईल," असं पोपटरावांनी फोनवर सांगितलं आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाने राँग नंबर म्हणून फोन ठेवला. एक म्हातारा म्हणाला, "पोपट्या, तलाठी झालास का रं?" हे किस्से ते स्वतःच रंगवून सांगत, अर्थात छापील मराठीत. मी पोट धरून हसायची.

त्या सुमारास साताऱ्याला आमच्या व्यवसायातल्या लोकांची एक बैठक होती. मी पोपटरावांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. कराड सोडल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. "पित्त झालं असेल," मी म्हणाले आणि बडीशेप पुढे केली. साताऱ्यात ते माइकसमोर उभे राहिले, नाव सांगितलं, गाव सांगितलं, पाच-सात वाक्यं बोलले. एकदाही अडखळले नाहीत. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी. येताना ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरेखाचा फोन आला. "म्याडम, आत्याबाई ह्यांला वळखत न्हाईत."

म्हातारीचं डोकं शाबूत होतं. तिला देवादिकांच्या तिथी, नातवंडांची दुखणी, सगळं आठवत होतं. ओळख पटत नव्हती ती आवाजाची. पोपटराव दुकानातून आले आणि उंबऱ्यातून म्हणाले, "आई, मी आलो आहे. तू औषध घेतलेस का?" त्यावर ती माउली लगबगीने उठून बसली, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "कोण सायब आल्यात? बसा की. पोपट दुकानात गेलाय, यील आता." पहिल्या दिवशी घरात सगळे हसले. दुसऱ्या दिवशीही हसले. सुरेखाने समजावून सांगितलं तेव्हा म्हातारीने मान हलवली, "तू म्हणतीस तर आसंल, बया." पण तिचं मन काही मानेना. तो जवळ बसला की ती सावरून बसे, अदबीने विचारे, "आवं, तुमी जेवलासा का?" पस्तीस वर्षं ज्याला अरेतुरे केलं, त्या पोटच्या पोराला ती आवं म्हणू लागली.

पोपटरावांनी जुन्या बोलीत बोलून पाहिलं. जमलं नाही. पूर्वी अडकायचे त्याच्या दुपटीने अडकले, कारण आता अडकणं म्हणजे साताऱ्याच्या टाळ्यांवर पाणी. इतके दिवस त्यांची भीती छापील भाषेच्या आड दडून बसली होती, ती आता उघड्यावर आली. मग त्यांनी घरात बोलणंच सोडलं. पाठोपाठ दुकान बंद झालं, जेवण तुटलं, माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. आणि आई विचारत राहिली, "पोपट कवा येणार गं?"

सुरेखा त्यांना घेऊन आली तेव्हा मी आधी कुठलाही सराव घेतला नाही. त्या दोघांना चालत दोन गल्ल्या पलीकडे घेऊन गेले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले. इतके महिने मी ज्या दाराला भीत होते, त्या दारातून पोपटराव तासाभराने बाहेर आले आणि सुरेखाला म्हणाले, "च-चांगला हाय गं माणूस." एवढं सोपं होतं ते. त्या बाकावर बसून मला स्वतःची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

गोळ्या सुरू झाल्या, भीतीवरचं समुपदेशन सुरू झालं आणि माझ्याकडचे उपचार आम्ही पहिल्यापासून मांडले. आता त्यांच्याच बोलीत. अडखळलं तर अडखळलं, उलट भीती मोडण्यासाठी काही शब्दांवर जाणूनबुजून अडखळायचं. पोपटराव माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजी आता म-मुद्दाम अडकायचं? मग आदी काय क-करत हुतो आपण?" त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "आधी मी चुकत होते, पोपटराव." ते घाईघाईने म्हणाले, "न-न्हाई न्हाई, तसं न्हवं," आणि मलाच पाणी प्यायला दिलं.

सुधारणा सावकाश होत गेली, पण आईसमोर त्यांचं तोंड अजून उघडत नव्हतं. दरम्यान आईने अंथरूण धरलं होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही. ती गेल्यावर, सगळे विधी उरकून पोपटराव विश्रामबागेला आले, तेव्हा त्यांनीच सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात ते तिच्या उशाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिने सवयीने विचारलं, "कोण बसलंय?" त्यांनी घाई केली नाही, आणि छापील भाषेचा आधारही घेतला नाही. "आ-आ-आये, प-प-पोपट हाय. म-मी आलोय." म्हातारीने त्यांचा चेहरा चाचपला, कान धरला आणि म्हणाली, "आलास व्हय रं? लय येळ लावलास."

हे सांगताना पोपटराव हसत होते, डोळेही पुसत होते. "वाक्य प-पुरं करायला लय येळ लावला म्हणून ब-बोलली बगा. जाताजाताबी टिंगल केली माझी."

मला तसं वाटलं नाही. मी म्हणाले, "पोपटराव, तो वेळ माझ्यामुळे गेला." त्यांना माझं म्हणणं लगेच कळलं असावं, कारण त्यांनी डोळे पुसायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ज-जाऊ द्या, म्याडम. भ-भेट झाली न्हवं."

भेट झाली, हे खरं. पोपटराव अजून माझ्याकडे येतात, अडखळत मनसोक्त बोलतात, आणि त्या काळाबद्दल एका शब्दाने मला दोष देत नाहीत. पण मधले कितीतरी दिवस एक आंधळी आई रोज संध्याकाळी पदर सावरून आपल्याच लेकाला "बसा" म्हणत होती आणि त्याच्याशेजारी बसून त्याचीच वाट बघत होती. तो साहेब तिच्या घरात मी पाठवला होता.