महानंदाची डावी मूठ

महानंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. तिची सून बोलत होती. "मावशी, आमच्या सासूबाई गेल्या. दुकानात बसल्या बसल्याच. दुपारून न्यायचं हाय, येताव का?" जुडी तिथंच टाकून मी उदगीरची गाडी धरली. वाटेत रडू आलं नाही, रागच येत राहिला. चाळीस वर्षं ती त्या गल्ल्यावर बसली आणि बसूनच मेली. तिला तिथं बसवण्यात ज्यांचा हातभार होता, त्यांतले जे अजून जिवंत आहेत ते दारात हार घेऊन उभे होते.

नांदेडला कॉलेजात असताना आम्ही वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायचो. ती उदगीरकडची, लिंगायत आडत्याची मुलगी. दोघी दोनशे मीटर पळायचो, म्हणजे ती पळायची आणि बाकीच्या आम्ही मैदानात उभ्या असल्यासारख्या दिसायचो. तिच्या गळ्यात चांदीची छोटी करडगी असे आणि त्या डबीत इष्टलिंग. लिंगायतांच्या घरात ते जन्मल्यावर गळ्यात बांधतात आणि मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. रोज सकाळी आंघोळ झाली की ती लिंग डाव्या तळहातावर घेऊन पाहत बसायची. मी मुद्दाम मोठ्यानं रेडिओ लावला तरी तिची पापणी हलायची नाही. पूजा आटोपली की मात्र माझ्या अंगावरचं पांघरूण ओढून मला चहाला पिटाळायची.

तिच्या वडिलांना सगळे अप्पा म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा धाकटा मुलगा हगवणीनं गेला होता. विहिरींत चिखल उरला होता, गावोगाव लेकरं जात होती. पण अप्पांच्या मनानं कारण वेगळंच धरलं होतं... आदल्या दिवशी पोराच्या गळ्यातला दोरा तुटला होता आणि लिंग शोधूनही सापडलं नव्हतं. महानंदाला वसतिगृहावर सोडायला आले तेव्हा माझ्यादेखत तिला म्हणाले, "पळ. चड्डी घाल, काय घालायचं ते घाल, लोकाला मी बघून घेतो. पर गळ्यातलं काढलीस तर तू मला मेलीस." पहिली दोन वाक्यं ऐकून मला तो माणूस फार आवडला होता.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं. कचेऱ्या, पाट्या, आणि मिरवायला एखादं माणूस. महानंदाची कोलंबोच्या स्पर्धेसाठी निवड झाली आणि माणूस सापडलं. संघात मीही होते, राखीव म्हणून. म्हणजे इतर मुलींचे कपडे सांभाळायचे आणि कुणाचा पाय मुरगळतो का याची सभ्यपणे वाट पाहायची.

पहिल्याच फेरीत दोरा ढिला झाला, करडगी उसळून तिच्या दातांवर आपटली आणि ओठ फुटला. तशातही ती दुसरी आली. पण पंचांनी बजावलं, अंतिम शर्यतीत ही डबी गळ्यात चालणार नाही. संघाचे प्रशिक्षक, आमचे सर, म्हणाले, "अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न आहे, काढून ठेव." ती मला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली. करडगी उघडून तिनं लिंग डाव्या मुठीत घेतलं आणि रिकामी डबी माझ्या हातात दिली. "अंगावरच हाय की न्हाई मग?" तिनं विचारलं. मी म्हणाले, हाव.

मूठ घट्ट आवळली की खांदाही आवळतो आणि पाय जड होतात. वळण संपेपर्यंत ती पुढे होती. मग डावा खांदा कानाकडे चढत गेला. सर कडेनं घसा फोडून ओरडत होते, "डावा हात सोड! मूठ उघड!" ती चौथी आली. तिसऱ्या मुलीची नुसती छाती तिच्या पुढे होती. येताना विमानात सर तिला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाले, "देशासाठी एक दगड टाकवला नाही हिच्यानं." पुढच्या शिबिराला त्यांनी तिला बोलावलं नाही.

लातूरला सत्कार झाला. स्टेजवर वर्तमानपत्रातला फोटो मोठा करून लावला होता: मान मागे, तोंड उघडं, गळा मोकळा. शाल घेताना अप्पांची नजर तिथं गेली. मंडपामागे तिनं त्यांना सगळं सांगितलं, मीही फोटोतली मूठ दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देव मुठीत दाबून कुत्र्यावानी पळालीस. काढलं ते काढलंच. माझं एकच लेकरू गेलं हुतं, आता दोन झाले."

महिन्याभरात उदगीरच्या भांड्यांच्या दुकानदाराशी तिचं लग्न लावलं. जुनी करडगी बाटली म्हणून नवी केली. जुनी माझ्याकडेच राहिली. अप्पा त्यानंतर वीस वर्षं जगले, पण तिच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची बाई परदेशात पळाली बरं का. चौथी! भांडी घासायला मातर पहिली." गिऱ्हाईक हसायचं, तीही हसायची. एकदा मी चिडून विचारलं, मूठ सोडावी असं तुला एकदाही वाटलं नाही? ती तांब्या पुसत होती. "सोडली असती तर पडलं असतं गं... भावाचं सापडलं हुतं का?"

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. बायका तिथवर जात नाहीत. मी गेले, आणि माझं तोंड बघून कुणी अडवलं नाही. खड्ड्यात ती मांडी घालून बसली होती. विधी करणाऱ्या जंगमांनी लिंग काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं ताठ झाली होती. लिंग घरंगळून मांडीवर पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. "मूठ मिटंना की," वरून कुणीतरी म्हणालं. शेवटी तिच्या मुलानं पांढऱ्या चिंधीनं बोटं आवळून बांधली आणि लोकांनी माती लोटली.

जुनी करडगी मी पिशवीत नेली होती, तिच्यासोबत ठेवावी म्हणून. ठेवली नाही. ती माझ्या कपाटात आहे. झाकणाच्या कडेला तिच्या दाताचा पोचा आहे, अंगठा फिरवला की लागतो. बाकीची सगळी महानंदा त्यांनी घेतली... एवढी मी देणार नाही.